आलात, आलास

सासरे दार उघडत आणि थोरल्या जावयाला म्हणत, "आलास? ये." त्याच दारात, त्याच पायपुसण्यावर उभ्या असलेल्या धाकट्या जावयाला म्हणत, "आलात? या, या." फरक म्हटला तर एका अक्षराचा. थोरल्याच्या वाट्याला 'स', धाकट्याच्या वाट्याला 'त'. दुसरा कोणी असता तर त्याने ह्या फरकाकडे ढुंकूनही पाहिले नसते; उलट 'आलात' ऐकून मान ताठ करून आत गेला असता. पण धाकटा जावई छापखान्यात प्रुफे तपासत असे. दिवसभर त्याच्या हाताखालून दुसऱ्यांची वाक्ये जात आणि त्यांतल्या निसटलेल्या वेलांट्या, हरवलेली टिंबे तो पेन्सिलीच्या टोकाने पकडून आणी. एखाद्या कादंबरीत मामा भाच्याला सुरुवातीला 'अरे' म्हणाला आणि पुढे कुठेतरी 'अहो', की तो समासात बारीकसे प्रश्नचिन्ह काढी. नाते बदलले का, असा त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ असे. लेखक ओशाळत, आभार मानत. सासऱ्यांच्या बोलण्याला मात्र समास नव्हता. तिथे प्रश्नचिन्ह काढायचे कुठे?

त्याच्या स्वतःच्या वडिलांनी त्याला कधी 'तू' म्हटले नव्हते आणि 'तुम्ही'ही म्हटले नव्हते. ते त्याच्याशी आईच्या मार्फत बोलत. तो समोर बसलेला असला तरी आईकडे बघून म्हणत, "त्याला म्हणावं, जेवून घे. त्याला म्हणावं, दिवा मालव." व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर त्याचे सगळे बालपण तृतीय पुरुषात गेले. लग्न झाले तेव्हा बायकोबरोबर त्याला एक सासरेही मिळाले. जन्मभर बस चालवलेले, मोठ्या आवाजाचे, हसताना शेजारच्याच्या मांडीवर थाप मारणारे. त्याला वाटले, आता तरी द्वितीय पुरुष, एकवचन. मिळाले ते आदरार्थी अनेकवचन. आणि ती मांडीवरची थापही नेहमी थोरल्याच्याच मांडीवर पडे.

थोरला साडू गॅरेज चालवी. लग्नाच्या कितीतरी आधी तो सासऱ्यांच्याच डेपोत गाड्यांचे काम शिकला होता, त्यामुळे त्याचे 'तू' जुने, वापरून मऊ झालेले होते. "अरे गाढवा, पाना दे" इथून त्याची सुरुवात झाली होती आणि पुढे तेच गाढव जावई झाले. धाकट्याला त्या 'गाढवा'चासुद्धा हेवा वाटे. आपल्याला ह्या घरात कोणी कधी गाढव म्हणणार नाही, ही जाणीव जेवताना एखादा खडा दाताखाली यावा तशी त्याला मधूनच बोचे.

शिवाय ते वर्तमानपत्र. तो गेला की सासरे हातातले वर्तमानपत्र घाईघाईने घडी करून खुर्चीखाली सरकवत आणि सरळ होऊन बसत, जणू कोणी साहेब तपासणीला आला आहे. थोरला आला की ते पत्र तसेच पसरलेले राही, सासरे त्याच्याआडून बोलत, त्याच्यावरच शेंगांची टरफले टाकत. धाकट्याने हे कितीदा तरी पाहिले होते. परक्यासमोर माणूस पसारा आवरतो, आपल्या माणसासमोर नाही, एवढे त्याला कळत होते.

एकदा न राहवून त्याने बायकोला विचारले होते, "तुझे बाबा मला 'तुम्ही' का म्हणतात?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मान देतात. लोक मानपानावरून भांडतात, आणि तू मान मिळतो म्हणून तोंड पाडून बसतोस. काय म्हणायचं तुला?"

ती त्याला घरी 'अरे' म्हणे. माहेरच्या माणसांत पाऊल टाकले की तिचेही 'अहो' होई. बाबांसमोर बरे दिसते, हे तिचे कारण.

जुन्या महामार्गाने धबधब्यापर्यंत जाऊन यायचे, हे सासऱ्यांच्याच डोक्यातून निघाले. सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून त्या घरी राहिल्या. थोरल्याची गाडी. स्टिअरिंगवर थोरला, त्याच्या शेजारी सासरे, मागच्या बाकावर थोरली म्हणजे ताई, मधे धाकटी आणि खिडकीशी धाकटा जावई, मांडीवर बिस्किटांची पिशवी आणि आपली लांब दांड्याची काळी छत्री घेऊन. त्याच्या पायाशी थोरल्याचा नारिंगी रेनकोट घडी करून ठेवला होता. तो रेनकोटही मूळचा सासऱ्यांचा. डेपोतून मिळालेला, जाड, पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. नोकरी संपली तेव्हा त्यांनी तो थोरल्याला देऊन टाकला होता. धाकट्याने आपले बूट त्याला लागणार नाहीत अशा बेताने पाय दुमडून घेतले आणि सबंध रस्ताभर तसाच बसला.

हा रस्ता कोणत्या राजाने बांधला ह्याविषयी जाणकारांत अजून एकमत नव्हते. दगडी पूल, दोन्ही बाजूंना एकमेकांच्या फांद्यांत फांद्या गुंतवून उभी असलेली म्हातारी झाडे, ठरावीक अंतरावर आकडे कोरलेले दगड. ह्यावरून फौजा गेल्या, टपाल गेले, व्यापारी गेले आणि शेवटी सासऱ्यांची बस गेली. मग डोंगराच्या पलीकडून नवा रुंद रस्ता झाला आणि सगळी घाई तिकडे निघून गेली. इथे उरली ती पाने, सावली आणि ज्यांना कुठे वेळेवर पोचायचे नसते अशी माणसे.

"आता उजवीकडे वळण, मग लगेच डावीकडे," सासरे काचेकडे बघत सांगत होते. "पूल आला की हॉर्न दे. पलीकडचं दिसत नाही."

"बाबा, पलीकडे कोणीच नाही. ह्या रस्त्यावर आपण आणि माकडं."

"माकडांसाठी दे."

थोरल्याने हॉर्न दिला. सासऱ्यांनी त्याच्या मांडीवर थाप मारली. मागे दोघी बहिणी हसल्या. धाकट्याने बिस्किटांची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"तो बघ दगड. आकडा काय आहे? वाच बघू," सासरे म्हणाले.

थोरल्याने वाचला.

"बरोबर," सासरे म्हणाले. परीक्षा घेतल्यासारखे.

प्रत्येक दगडाला हे होत राहिले. वाच बघू. बरोबर. वाच बघू. बरोबर. मागच्या खिडकीतून धाकट्याला तेच दगड तेवढेच स्पष्ट दिसत होते. खरे तर जास्तच, कारण वाचणे हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. तो मनातल्या मनात आकडा वाची आणि मनातल्या मनात स्वतःला 'बरोबर' म्हणे. त्याला कोणी विचारत नव्हते.

पुढे एका वळणावर सासऱ्यांचा आवाज चढला. "आली. ती बघा लाल टपरी. इतकी वर्षं झाली, रंग तसाच ठेवलाय पठ्ठ्याने."

टपरी निळी होती. नुकतीच रंगवलेली, डोळ्यांत भरेल अशी निळी.

"बाबा, निळी आहे हो," ताई म्हणाली.

"चष्मा पुसायचा विसरलात की काय?" थोरला म्हणाला. "की लाल दिव्यालाही असाच हिरवा म्हणून गाडी हाकत होतात? बरं झालं तुम्हाला घरी बसवलं."

"मी टपरीबद्दल बोलतोय. रंगाचं कौतुक बायकांना सांग," सासरे म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले.

धाकटाही हसला, सगळ्यांच्या मागून. पण त्याच्या मनात टपरी नव्हती, तिचा रंगही नव्हता. माणसाला त्याची चूक अशी तोंडावर सांगता येते, आणि तरीही तो माणूस आपल्या मांडीवर थाप मारतो, हे त्याच्या मनात होते. जन्मभर लोकांच्या चुका काढूनही त्याला हे कधी जमले नव्हते.

धबधब्याचा आवाज आधी आला. मग हवेत गारवा, मग काचेवर बारीक थेंब. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थोरल्याने गाडी उभी केली. तिथून दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या आणि त्यांच्या शेवटी कठडा, बाक आणि पाणी. सासरे दोन्ही लेकींच्या खांद्यांवर हात टाकून पुढे निघाले. "ह्या पायऱ्या मला पाठ आहेत," असे म्हणताना ते ऐकू आले.

धाकटा छत्री उघडून बघत होता. तिची एक काडी निसटली होती.

"साडूभाऊ, ती छत्री राहू दे," थोरला म्हणाला. तो बॉनेट उघडून आत वाकला होता. खाली जमिनीवर थेंब थेंब हिरवट पाणी सांडत होते. "तिथं पाणी खालून वर उडतं. छत्री काय करणार बापडी? तो रेनकोट घाल. मी इथंच आहे. रेडिएटरच्या पाइपानं मान टाकलीय, त्याला आवळल्याशिवाय परतीचं काही खरं नाही."

"पण तुम्ही येणार नाही धबधबा बघायला?"

"मी तो शंभरदा बघितलाय. बाबांच्या बसच्या टपावर बसून." थोरल्याने कपाळ पुसले आणि तिथे काळा पट्टा उमटला. "शिवाय मी खाली गेलो असतो तरी काय झालं असतं? 'अरे, माझा मफलर आण. अरे, गाडीतून पाणी आण.' जावई झालो तरी डेपोतला पोऱ्याच. परवा माझ्या गिऱ्हाइकासमोर मला 'अरे ए' म्हणाले. तुझं बरं आहे. तुला कसे, 'अहो, या. अहो, बसा.' माझ्या जन्मात मला त्या घरात कोणी 'बसा' म्हटलं नाही."

धाकट्याने छत्री मिटली. हा माणूस थट्टा करतो आहे असे त्याला वाटले. त्याने रेनकोट अंगात घातला. तो त्याला खांद्यांत मोठा होत होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. टोपी कपाळावर ओढली तसा तेलाचा, रबराचा आणि कोणत्या तरी जुन्या प्रवासाचा वास त्याच्या नाकात शिरला. ह्या कापडाच्या आत आधी ते होते, मग हा, असे मनात म्हणत तो पायऱ्या उतरू लागला.

खाली पोचल्यावर त्याने वर पाहिले. पाणी पडत आहे असे वाटतच नव्हते. डोंगराच्या कड्याला टेकून ते उभे होते, एखादा उंच माणूस दारात उभा राहावा तसे, आणि फक्त पायाशी आल्यावर आपण पडलो हे त्याच्या लक्षात येऊन त्याचा चुरा होत होता. तो चुरा वाऱ्याबरोबर कठड्यापर्यंत येई आणि सगळ्यांना पुसून टाकी. दोघी बहिणी पलीकडच्या लाकडी पुलावर फोटो काढत होत्या. त्यांचे रंग मधूनच दिसत, मधूनच विरघळत. सासरे एकटे बाकावर बसले होते. चष्मा काढून हातात धरलेला, तोंड पाण्याकडे.

पायऱ्यांवर नारिंगी काहीतरी हलले तसे त्यांनी मान वळवली.

"आलास?" ते म्हणाले. "ये. बस."

धाकटा उभाच राहिला. धबधब्याच्या आवाजातही ते 'स' त्याने स्वच्छ ऐकले होते. त्याने मागे वळून पाहिले. पायऱ्यांवर दुसरे कोणी नव्हते. मग त्याची नजर स्वतःच्या बाह्यांकडे गेली आणि त्याला समजले.

सांगून टाकायला हवे होते. अहो बाबा, मी धाकटा; एवढे तर शब्द. पण ते 'ये, बस' अजून हवेत ओले होते. ते परत करायला त्याची जीभ उचलेना. तो बसला. टोपी आणखी पुढे ओढून, पाण्याकडे तोंड करून बसला.

सासरे त्याच्या बाजूला सरकले आणि आवाजावर मात करण्यासाठी त्याच्या कानाशी आले. "बरं झालं एकटा आलास. पोरींसमोर बोलता येत नव्हतं. तू मघाशी टपरीवरून हसलास ना? मला ती निळी दिसली नाही रे. लालही दिसली नाही. टपरी आहे हे पाठ होतं, म्हणून बोललो."

धाकट्याचे हात बाह्यांच्या आत गोळा झाले.

"डावा गेला. डॉक्टर म्हणतो, त्याच्या नादी लागू नका. उजव्यात धूर आहे, त्याचं ऑपरेशन करून बघू म्हणतो. आता हा धबधबा..." त्यांनी हाताने समोर दाखवले. हात पाण्याच्या बराच डावीकडे गेला. "मला नुसता पांढरा पडदा वाळत घातलाय असं दिसतंय. आवाज मात्र जसाच्या तसा. म्हटलं, होतंय तोवर येऊन जाऊ. तुझ्या सासूला सांगू नकोस, ती गुडघे विसरून रडत बसेल. पोरींना मी सांगेन सवडीनं. दवाखान्यात तू ने मला. आणि हे बघ, धाकट्या जावयांना मुळीच कळू देऊ नकोस."

"का?" हा शब्द त्याच्या तोंडून कधी निसटला ते त्यालाही समजले नाही. पण पाण्याजवळ सगळ्यांचे आवाज एकसारखे होतात.

"लाज वाटते," सासरे म्हणाले. "त्यांचं सगळं डोळ्यांवर चालतं. कुठे एक टिंब राहिलं तरी त्यांना दिसतं. ते येतात तेव्हा मी पेपर खुर्चीखाली घालतो, माहीत आहे? मी तो उलटा धरला असेल तर? तुझ्यासमोर मी कसाही बसतो. त्यांच्यासमोर इस्त्री करून बसावं लागतं."

एकाच बाकावर, एकाच वेळी, तो 'तू' होता आणि 'ते'ही होता. नारिंगी कापडावर 'तू' पडत होते, आतल्या माणसावर 'ते'. इतकी वर्षे ज्याच्यासाठी तो झुरला ते सगळे आता त्याच्या कानाशी, श्वासासकट येत होते, आणि त्यावर नाव दुसऱ्याचे होते. ह्यापूर्वी त्याला साडूचा हेवा वाटत असे. आता स्वतःच्या अंगावरच्या रेनकोटचा वाटू लागला.

"माणूस वाईट नाही हं," सासरे पुढे म्हणाले. "चांगला आहे. कधीकधी वाटतं, त्यांनाच म्हणावं, जरा पेपर वाचून दाखव. त्यांच्याइतकं स्वच्छ कोण वाचणार? पण कसं म्हणू? पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी म्हणालो होतो, 'ये रे, बस.' तर हे उभेच. म्हणतात, 'आपण आधी आसनस्थ व्हावं.'" सासरे हसले, आणि हसता हसता त्यांनी बाजूच्या मांडीवर थाप मारली. "आसनस्थ. मी ड्रायव्हर माणूस, आयुष्यभर आसनस्थच होतो. पण तसं मला कोणी म्हटलं नव्हतं. मग मी कोणत्या तोंडानं 'तू' म्हणू त्यांना?"

धाकट्याला ते वाक्य आठवले. ते त्याने आदल्या दिवशी आरशासमोर उभे राहून बसवले होते. आधी 'बसावं' होते, मग ते खोडून 'आसनस्थ व्हावं' केले होते, कारण ते अधिक शोभते असे त्याला वाटले होते. त्याच्या आधीचे, 'ये रे, बस' हे मात्र त्याला अजिबात आठवेना. त्याच्या वाट्याचे 'तू' एकदा दारापर्यंत येऊन, त्याच्याच वाक्याला अडखळून परत गेले होते, आणि त्याने ते ऐकलेही नव्हते. दुसऱ्यांच्या मजकुरात एक काना सुटू न देणाऱ्या माणसाने ही ओळ सबंध गाळली होती.

मांडीवर जिथे थाप पडली होती तिथे अजून ऊब होती.

"चल. हात दे," सासरे उठत म्हणाले. "उतरताना पोरी होत्या. चढताना भीती वाटते."

त्याने हात पुढे केला. सासऱ्यांनी बाहीवरून मनगट पकडले. पायऱ्या ओल्या होत्या, मधल्या काहींवर शेवाळ होते. तो एक पायरी चढून थांबे, ते चढत, मग तो पुढची चढे. कुठेतरी अर्ध्यावर सासऱ्यांचा पाय घसरला, पकड सुटली आणि पुन्हा पकडताना त्यांच्या बोटांत बाहीऐवजी तळहात आला. थोरल्याचे तळहात खरखरीत होते, पान्याने घट्टे पडलेले. हा मऊ होता. फक्त मधल्या बोटाला पेन्सिलीचा एक लहानसा घट्टा.

त्याच क्षणी वरून थोरल्याची आरोळी आली. "झालं! बाबा, तुमची गाडी पुन्हा जिवंत केली. या लवकर."

सासरे थांबले. हाक समोरून आली होती, वरून. आणि ज्याने ती मारली त्याचा हात तर त्यांच्या हातात असायला हवा होता. धाकट्याने डोळे मिटून घेतले. आता हात सुटेल, आता 'अहो, तुम्ही होय' येईल, आणि मग सगळे पूर्वीसारखे, किंवा पूर्वीपेक्षा वाईट. मागून दोघी बहिणी हसत वर येत होत्या. पाणी आपले पडतच होते.

हात सुटला नाही. बोटे एकदा त्या घट्ट्यावरून फिरली, अंधारात वस्तू ओळखावी तशी, आणि मग सासरे पुढची पायरी चढले. सपाटीवर आल्यावर त्यांनी हात सोडला, चष्मा घातला आणि गाडीत जाऊन बसले.

रेनकोट परत घेताना थोरल्याने विचारले, "काय चाललं होतं एवढं बाकावर? वरून बघत होतो. बाबा नुसते बोलतच होते."

हीच वेळ होती. निरोप थोरल्यासाठी होता, दवाखाना थोरल्यासाठी होता, विश्वासही थोरल्याच्याच नावाचा होता. प्रामाणिक माणसाने तो जागच्या जागी पोचता केला असता. धाकट्याने रेनकोटाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवला. हे एवढे तरी माझ्याकडे राहू दे, असे त्याला वाटले. आणि असे वाटते ह्याची शरम वाटूनही ते वाटणे कमी झाले नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "पाण्याचंच."

गाडी निघाली. परतीच्या वाटेवर झाडांची सावली अधिक दाट झाली होती. ताईने बिस्किटे वाटली. बायकोने फोटो दाखवले; बहुतेकांत पांढऱ्या धुक्याखेरीज काही आले नव्हते, एकात मात्र दूर बाकावर एक नारिंगी ठिपका आणि त्याला चिकटलेला एक राखाडी ठिपका दिसत होता. "हे ताईचे भाऊजी ना?" तिने विचारले. तो पुढचा फोटो बघू लागला. पुढच्या सीटवरून सासऱ्यांचा आवाज येत नव्हता. वळणे येत होती, पूल येत होते, आणि ते सांगत नव्हते.

"बाबा, झोपलात का?" थोरल्याने विचारले. "हॉर्न देऊ की माकडांना सोडून देऊ?"

सासरे काचेकडेच बघत होते. मग ते म्हणाले, "सांगितलेलं लक्षात आहे ना?"

"काय सांगितलेलं?" थोरला म्हणाला.

धाकट्याने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचले. त्यात 'तू' नव्हते. 'तुम्ही'ही नव्हते. ते कोणाचेही असू शकत होते. आपल्या बोलीत अशी वाक्ये असतात, माणसाला क्षणभर दोन्हीकडून मोकळे ठेवणारी, आणि ती समासात प्रश्नचिन्ह काढण्यासारखी मुळीच नसतात, हे त्याला इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच जाणवले. त्याच्या घशात 'आपण निर्धास्त असावं' असे काहीतरी तयार होऊ लागले होते. त्याने ते तिथेच खोडले.

"आहे लक्षात, बाबा," तो म्हणाला. "नेतो मी."

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिले. थोरल्याने आरशातून मागे पाहिले. "कुठं नेतोस? काय चाललंय? अहो बाबा, मला कोणी सांगेल का?"

झाडांमधून एक आकड्याचा दगड पुढे येत होता. सासऱ्यांना तो दिसत नसणार. पण त्याची जागा त्यांना पाठ होती.

"दगड येईल आता," ते म्हणाले. "आकडा काय आहे, वाच बघू."

थोरल्याने सवयीने तोंड उघडले.

"तू रस्ता बघ," सासरे त्याला म्हणाले.

गाडीतल्या कोणाला त्यात काही विशेष वाटले नसावे. धाकट्याने मात्र खिडकीची काच घाईघाईने खाली केली आणि मान बाहेर काढली. सबंध रस्ताभर त्याने प्रत्येक दगड मनातल्या मनात बिनचूक वाचला होता. आता विचारले गेले होते, आणि हा नेमका नको त्या बाजूने ओलावा धरलेला, तळापासून माथ्यापर्यंत हिरव्या शेवाळाने भरलेला दगड. त्याने डोळे ताणले. आकडा काही लागेना. दगड जवळ आला, शेजारी आला, मागे गेला. अंदाजाने सांगता आले असते. आधीच्यात एक मिळवला की झाले. पण ह्या माणसाजवळ अंदाजाने बोलायचे नाही असे त्याने त्याच घटकेला ठरवले.

"शेवाळ आहे, बाबा," तो म्हणाला. "दिसत नाही."

"मलाही," सासरे म्हणाले.

आणि ते हसले. आधी घशातल्या घशात, मग मोठ्याने, खांदे हलवत. त्यांचा हात थाप मारण्यासाठी मागे वळला, पण मागच्या सीटपर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी ती आपल्याच खांद्यामागे, सीटच्या पाठीवर मारली, बरोबर धाकट्याच्या गुडघ्यांसमोर. दोघी बहिणींना हसण्याचे कारण कळले नाही, तरी त्या हसल्या.

थोरला हसला नाही. आरशाच्या लहानशा पट्टीत त्याचे डोळे दिसत होते. ते एकदा सासऱ्यांकडे गेले, एकदा मागे आले, आणि तिथेच थोडे रेंगाळले. ती नजर धाकट्याच्या चांगल्या ओळखीची होती. ती आतून कशी लागते हेही त्याला ठाऊक होते. त्याने दुमडलेले पाय हळूच सरळ केले. बुटाची टोके नारिंगी रेनकोटाच्या घडीला लागली, आणि त्याने ती तशीच राहू दिली.